उन्हाळ्यातलं जंगल आणि आपला दावा

(तालुका मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. ज्या गावांना मेळाव्याला येता आलं नाही त्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावं, म्हणून बोललं तसंच छापलं आहे.)

 

दरवेळी आम्ही इथं उभे राहून कायद्याचं बोलतो. कलम, नियम, नमुना, शिक्का. आज झाडांचं बोलणार आहोत. कुणी म्हणेल, झाडांचं काय बोलता, ते आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. खरं आहे. आज जे सांगणार आहोत त्यातलं निम्मं तुमच्याकडूनच शिकलेलं आहे. उरलेलं निम्मं पुस्तकातलं आहे. दोन्ही एकत्र बांधायची गरज का पडली, ते आधी सांगतो.

आपल्या भागातल्या एका गावानं सामूहिक वनहक्काचा दावा टाकला. ग्रामसभेचा ठराव झाला, नकाशा झाला, म्हाताऱ्यांचे जबाब झाले. दाव्यात लिहिलं होतं, की अमुक पहाडीच्या पायथ्याला आमचे लोक पिढ्यान् पिढ्या मटारू, कडू कांदे, सफेद मुसळी खोदतात, वास्ते काढतात, सात्या वेचतात. मग साहेब लोक पाहणीला आले. कधी आले? मे महिन्यात. भर वैशाखात, दुपारी बारा वाजता, गाडीतून उतरले. पहाडीकडं बघितलं. एक हिरवं पान दिसेना. जमीन तापून लाल. साहेब म्हणाले, इथं काय आहे? हे तर मेलेलं जंगल. कुठं आहेत तुमचे कांदे? दाखवा.

आपले लोक गप्प झाले. वैशाखात कांदा कुठून दाखवणार? वेल वाळून उडून गेलेला. वेलाशिवाय कांदा नेमका कुठं आहे ते खोदणाऱ्या बाईलाही हाताच्या अंदाजानंच कळतं, आणि त्या बाया त्या दिवशी तेंदूच्या फडावर होत्या. पंचनाम्यात लिहिलं गेलं : "क्षेत्र ओसाड असून कंदमुळे व इतर वनोपज गोळा करण्याचे क्षेत्र आढळून आले नाही." आपल्याच माणसांच्या सह्या-अंगठे खाली. दावा परत आला.

वर अजून एक गोष्ट. तीच पहाडी "ओसाड" म्हणून कागदावर आल्यावर तिथं खड्डे खोदून रोपं लावायची आखणी सुरू झाली. खड्डे खोदायचे म्हणजे आधी झुडपं साफ करायची, मुळं काढायची. म्हणजे एका दुपारच्या पाहणीनं दावाही गेला आणि जंगलही जाणार.

म्हणून आज हा विषय. उन्हाळ्यात झाड काय करतं, ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. नुसतं "आम्हाला माहीत आहे" म्हणून भागत नाही, साहेबांच्या तोंडावर नीट शब्दांत सांगता आलं पाहिजे.

आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५, ४६, ४७ अंशांवर जातो. एवढ्या तपनीत माणूस सावलीला पळतो, गुरं बोडीत जाऊन बसतात. झाडाला पाय नाहीत. जिथं उगवलं तिथंच त्याला वैशाख काढायचा. मग ते करतं काय?

आधी पान कसं थंड राहतं ते बघा. भरल्या उन्हात दगडाला हात लावा, चटका बसतो. त्याच उन्हातल्या पळसाच्या ताज्या पानाला हात लावा, चटका बसत नाही. ऊन दोघांवर सारखंच पडतं. फरक असा, की पानाला बारीक बारीक भोकं असतात, डोळ्यांना न दिसणारी. पुस्तकात त्यांना रंध्रं म्हणतात. मुळातून आलेलं पाणी त्या भोकांतून वाफ होऊन बाहेर जातं आणि जाताना पानाची उष्णता घेऊन जातं. मातीचा माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार राहतं, तेच हे. जुना माठ पाझरायचा थांबला की पाणी कोमट होतं, हे घरातल्या बाईला सांगायला नको.

पण माठात पाणी असेल तर पाझरेल. फाल्गुन-चैत्रात जमिनीतली ओल खाली खाली जाते. झाडापुढं पेच पडतो. भोकं उघडी ठेवली तर अंगातलं पाणी संपणार. भोकं बंद केली तर पान तापणार. पान फार तापलं तर आतलं कामच बिघडतं. बऱ्याच झाडांच्या पानांत ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान अन्न बनवायची क्रिया कोलमडायला लागते. अंडं उकळलं की पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही, तसंच पानाच्या आतल्या प्रथिनांचं होतं, त्यांचा आकारच मोडतो. त्यावरही झाडाकडं उपाय आहे. ऊन वाढायला लागलं की झाड दुसऱ्या प्रकारची प्रथिनं तयार करतं. ती या मोडू पाहणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतात, घरावर वादळ आलं की माणसं आढ्याला लोंबकळून धरतात तशी. पण किती वेळ धरणार? त्यालाही हद्द आहे.

तर आपल्या जंगलातल्या बहुतेक झाडांनी सगळ्यात सोपा मार्ग काढला. पानच टाकून द्यायचं. सागाचं पान बघा केवढं, सुपाएवढं. एवढं पान चैत्र-वैशाखात जगवायचं म्हणजे किती पाणी लागेल! साग म्हणतो, नको मला. पान पाडून टाकतो. पाडायच्या आधी पानातलं कामाचं खत-सत्त्व बरंचसं खोडात ओढून घेतो, आणि मग देठापाशी गाठ बंद करून पान सोडतो. म्हणजे तो मेला नाही. त्यानं दुकान बंद केलं आणि माल घरात नेला.

हीच गोष्ट साहेबांना कळत नाही. बारमाही हिरव्या बागा पाहिलेल्या माणसाला उघडं झाड मेलेलं वाटतं. मेलेलं आणि झोपलेलं कसं ओळखायचं? नखानं बारीक फांदीची साल खरवडा. खाली हिरवं, ओलं लागलं तर जिवंत. एवढं साधं आहे. पुढच्या पाहणीला प्रत्येक पाच-दहा झाडांना साहेबांच्या हातानंच खरवडायला लावा, आणि ते पंचनाम्यात लिहून घ्या.

कुलूचं झाड बघा, ज्याला कुठं कुठं कांडोळ म्हणतात. उन्हाळ्यात पांढरं फटक उभं राहतं. चांदण्यात भुतासारखं दिसतं म्हणून पोरं घाबरतात. ते पांढरेपण फुकटचं नाही. पांढरी, गुळगुळीत साल ऊन परत फेकते. काळ्या दगडावर आणि चुन्यानं सारवलेल्या भिंतीवर हात ठेवून बघा, फरक कळेल. आणि त्या पातळ पांढऱ्या सालीच्या खाली हिरवा थर आहे. पानं नसली तरी साल थोडं थोडं पानाचं काम करते.

सालई, मोवई, काटेसावर ही नरम लाकडाची झाडं. त्यांची चूल पेटत नाही म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. पण त्यांचं लाकूड नरम आहे कारण त्यात पाणी धरून ठेवलेलं असतं. खोड म्हणजेच त्यांची बोडी. त्या पाण्यावर ती पानं नसताना, एक थेंब पाऊस नसताना फुलं काढतात. मोवईची तोडलेली फांदी कुंपणाला रोवली तरी फुटते, ते याच जोरावर. आणि येन? येनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली. ती उन्हापासूनही वाचवते आणि आगीपासूनही. काही येनाच्या खोडात तर पाणीच साठतं, जुन्या शिकारी माणसांना ते ठाऊक होतं. सगळ्या येनात नसतं, काहींतच. उगाच कुऱ्हाड घेऊन जाऊ नका.

आता मोह. मोहाचं तर काय सांगावं. पानं पडतात, आणि भर तपनीत, चैत्रात तो फुलतो. तेही रात्री. रात्रीची गार हवा, वटवाघळं फिरतात, ती परागाचं काम करतात. पहाटे फूल गळून पडतं, ऊन चढायच्या आत आपली टोपली भरते. फुलानंतर नवी पालवी येते ती तांब्यासारखी लालसर. कुसुमाची पालवीही तशीच, लांबून फुलांनी भरल्यासारखं झाड दिसतं. कोवळ्या पानाला ऊन सोसत नाही, लहान लेकरासारखं. तो लाल रंग त्याच्या अंगावरचं पांघरूण आहे. पान निबर झालं, स्वतःचं रक्षण करायला शिकलं, की रंग हिरवा होतो.

विचार करा, पाऊस यायला अजून दोन महिने आहेत आणि मोह, पळस, कुसुम नवी पालवी काढतात. पाणी कुठून आणलं? खालून. वरची माती भाजून निघाली तरी खोल ओल असते, आणि मोठ्या झाडाची मुळं तिथं पोचलेली असतात. त्यात पानं टाकून दिल्यामुळं खर्च थांबलेला. खर्च थांबला की खोडात पाणी पुन्हा भरतं. आपल्याकडं हातात पैसा नसताना आधी खर्च बंद करतात, मग हळूहळू गाठीला जमतं, तेव्हा बियाणं आणतात. आणि घाई कशाची? मोहाची टोरी आषाढाच्या सुमाराला पिकून पडते. ती फार दिवस टिकत नाही, लगेच रुजावी लागते. म्हणून फूल चैत्रातच यायला हवं. सगळा हिशोब पावसाशी जुळवलेला आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. खैर, बाभूळ यांनी पान बारीक केलं. बारीक पानाभोवती हवा खेळती राहते, ते लवकर निवतं. बोराच्या पानाला खालून पांढरी लव असते. रुईच्या पानावर पांढरी भुकटी, म्हणून ती मे महिन्यातही रस्त्याच्या कडेला हिरवीगार. बांबू आणि धान ओल कमी पडली की पानाची सुरळी करतात, म्हणजे उन्हाला अंग कमी दिसतं. निवडुंगाचं तर उलटंच. तो दिवसभर भोकं बंद ठेवतो आणि रात्री गारव्याला उघडतो, हवा आत घेऊन ठेवतो आणि दिवसा दार लावून तिच्यापासून अन्न बनवतो. तेंदूचा माणूस पहाटे चारला उठून पानं तोडून ऊन चढायच्या आत परत येतो, तसाच.

पण आपल्या दाव्याच्या दृष्टीनं खरी गोष्ट जमिनीच्या वर नाहीच. ती खाली आहे. इथं जरा लक्ष द्या.

उघड्या जमिनीचं वरचं तोंड मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांच्याही पुढं जातं, अनवाणी चालवत नाही ते यामुळं. पण हातभर खाली खोदा. तिथं दिवसरात्रीचा फरकही फारसा जाणवत नाही. मटारू, कडू कांदा, मुसळी यांनी हे ओळखलं. पावसाळ्यात वेल काढायचा, पानं काढायची, चार महिन्यांत कमाई करायची आणि सगळी कांद्यात भरून ठेवायची. मग वरचं सगळं वाळू द्यायचं. वैशाखात वर काही नसतं, कारण सगळं घर खाली गेलेलं असतं. "कुठं आहेत कांदे" असं विचारणाऱ्याला हेच उत्तर : साहेब, तुम्ही त्यांच्या झोपेच्या महिन्यात आलात.

झाडांच्या रोपांचंही असंच आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. जंगलात पावसाळ्यात साग, बिजा, तेंदू यांची बोट-दोन बोटांची रोपं दिसतात. उन्हाळ्यात ती वरून वाळून जातात. माणसाला वाटतं, मेली. पुढच्या पावसात त्याच मुळातून पुन्हा कोंब येतो. पुन्हा उन्हाळ्यात वाळतो. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, कित्येक वर्षं चालतं. वर दरसाल मरण, पण खाली मूळ दरसाल जाड होतं, गाजरासारखं. आणि एखाद्या वर्षी, जेव्हा त्या मुळात पुरेशी ताकद साठते, आणि त्या वर्षी आग लागत नाही, गुरं खात नाहीत, तेव्हा असा कोंब फुटतो की एका पावसात कमरेएवढा होतो, आणि मग तो पुढच्या उन्हाळ्यात वाळत नाही. लोक म्हणतात, बघा, साग एका वर्षात केवढा वाढला! एका वर्षात कसला? त्याच्यामागं कित्येक वर्षांची पुंजी आहे.

तेंदू आणि पळस तर मुळावरूनच नवे कोंब काढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई करतो, म्हणजे तेंदूचं झुडूप जमिनीलगत तोडतो, आणि भर उन्हाळ्यात त्याच खुंटाला कोवळी रुंद पानं येतात. ती तोडून सत्तर पानांचा पुडा बांधतो. ही सगळी कमाई मुळाच्या जिवंतपणावर आहे. पाऊस नाही, वर पान नाही, तरी मूळ जिवंत आहे हे तेंदू दरसाल सिद्ध करून देतो. याहून मोठा पुरावा कुठला?

आता साहेबांना विचारायचा एक प्रश्न तुम्हाला देतो. लिहून घ्या. सरकारी रोपवनात साग कसा लावतात? आपल्यातल्या कितीतरी जणांनी रोजंदारीवर ते काम केलं आहे. रोपवाटिकेतलं सागाचं रोप काढतात, त्याचा शेंडा छाटतात, बारीक मुळ्या छाटतात, आणि बोटभर खोड आणि वीतभर मूळ एवढीच काडी जमिनीत रोवतात. स्टंप म्हणतात तिला. पान नाही, फांदी नाही. ती काडी लावताना कुणी म्हणत नाही, की ही मेलेली आहे. तिची मोजदाद होते, बिल निघतं. मग आमच्या पहाडीवर देवानं आणि पाखरांनी लावलेले असे हजारो स्टंप जमिनीखाली आहेत, ते ओसाड कसे? त्यांना खणून काढून त्याच जागी दुसरी काडी लावायची, आणि याला जंगल लावणं म्हणायचं?

पिशवीतल्या रोपाचीही गोष्ट सांगून टाकतो. रोपवाटिकेत रोज पाणी मिळालेलं, सावलीत वाढलेलं रोप. त्याचं मूळ पिशवीत गोल गोल फिरलेलं. जूनमध्ये लावलं, चार महिने बरं दिसतं. पहिल्या वैशाखात त्याला खाली जायला मूळ नाही, पान टाकायची शिकवण नाही. वाळतं. मग लिहितात, गावच्या शेळ्यांनी खाल्लं. शेळ्या खातात, नाही असं नाही. पण प्रत्येक वाळलेल्या रोपाचं पाप शेळीच्या माथी मारू नये.

इथंपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, मग काय, झाड सगळं सोसतं, चिंता नाही. तसं नाही. हेही बोलायला हवं, आणि हे आपल्या स्वतःच्या अंगावर येणारं आहे.

झाडाची ही सगळी तजवीज हजारो वर्षांच्या उन्हाळ्याशी जुळवलेली आहे. त्या तजविजीला खालची ओल लागते. ओल कशानं टिकते? जमिनीवर पाचोळ्याचा थर असेल तर. पाचोळा म्हणजे जमिनीच्या अंगावरची गोधडी. ती असेल तर माती कमी तापते, ओल कमी उडते, आणि कोवळं मूळ तग धरतं. आणि ही गोधडी दरसाल आपणच जाळतो. का? मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून. झाडाखाली लावलेली आग झाडाखाली थांबत नाही, पहाड चढते. मोठ्या येनाला, सागाला जाड साल आहे, तो वाचतो. पण जे मूळ चौथ्या-पाचव्या वर्षात आहे, ज्याला एखादा उन्हाळा आगीशिवाय मिळाला असता तर ते वर निघालं असतं, त्याची कमाई आपण दरवर्षी जाळतो आणि त्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवतो.

तुमच्या गावातले मोह मोजा. जुने किती आणि हाताच्या मनगटाएवढे किती. आम्ही काही गावांत म्हाताऱ्यांबरोबर फिरलो. आजोबांच्या वेळचे मोह आहेत, बापाच्या वेळचे थोडे आहेत, पोराच्या वेळचा शोधावा लागतो. फुलं सगळी वेचली, टोरी सगळी तेलाला नेली, पडलेली चार रुजली ती आगीत गेली. साहेबाला दोष देताना हेही आपल्या ग्रामसभेत मांडलं पाहिजे. काही गावांनी ठरवलं आहे, की आग लावायची नाही, झाडाखाली झाडून पाचोळा बाजूला करायचा किंवा जुनी लुगडी, जाळी अंथरायची. बाया म्हणतात, अंथरलेल्यावर फूल स्वच्छ पडतं, माती लागत नाही, व्यापारी नाक मुरडत नाही. वेळ जास्त लागतो हे खरं. त्याचा निर्णय वेचणाऱ्या बायांनी करावा, मंचावर बसलेल्या पुरुषांनी नव्हे.

उन्हाळी धान लावणाऱ्यांनाही एक सांगतो. धान फुलोऱ्यात असताना हवा ३५ अंशांच्या वर गेली की पराग मरतो आणि लोंबी पोचट राहते. खत-औषधानं ते भरत नाही. तेव्हा लावणीची वेळ अशी धरा की फुलोरा तपनीत सापडणार नाही. आपल्या जुन्या धानांत कुठलं सकाळी लवकर फुलतं ते बघून ठेवा. जे दाणं ऊन चढायच्या आत फुलतं ते वाचतं.

आता कायद्याचं, थोडंच. २००६ चा वनहक्क कायदा, २००८ चे नियम, २०१२ साली त्यात झालेली सुधारणा. नियम १२ प्रमाणं जागेची पाहणी कुणी करायची? गावच्या वनहक्क समितीनं. वनखात्याला आणि दावेदाराला आधी कळवायचं, त्यांनी हजर राहायचं. म्हणजे तारीख आपण काढायची. त्या गावात उलट झालं. साहेबांनी तारीख काढली आणि आपण हजर राहिलो. ही चूक पुन्हा करायची नाही.

नियम १३ मध्ये सामूहिक हक्काचे पुरावे दिले आहेत. त्यात कंदमुळं, चारा, रानफळं आणि इतर गौण वनोपज गोळा करायच्या जागा लिहिलेल्या आहेत. पाण्याच्या जागा, वैदूंच्या औषधी वनस्पतींच्या जागा आहेत. पूजेची झाडं, देवराया आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. आणि वरच्या समितीला दावा पटला नाही तर तो थेट फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडं फेरविचाराला परत पाठवायचा. त्या गावाचा दावा परत आलाय म्हणजे हरला नाही. वेळ आहे.

त्या गावानं आता काय केलं ते सांगतो. पाऊस पडल्यावर श्रावणात पुन्हा फेरी काढली. पुढं बाया होत्या, कारण कांद्याची जागा त्यांनाच माहीत. जिथं वेल दिसला तिथं थांबायचं, नाव लिहायचं, जागा नकाशावर टिपायची. शाळेतल्या पोरांनी वही धरली. एका म्हातारीनं तर वेल न बघता, नुसत्या दगडाच्या खुणेवरून सांगितलं, इथं खोद. खोदलं, मटारू निघाला. ती म्हणाली, माझ्या सासूनं ही जागा दाखवली, आणि अर्धा कांदा परत पुरायचा असं शिकवलं. हा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला. सागाची, बिजाची वीतभर रोपं मोजली. एका रोपाच्या बाजूची माती हळूच मोकळी करून मूळ बघितलं, मनगटाएवढं जाड, आणि माती परत लोटली. हे सगळं पंचासमोर.

पण एवढ्यावर थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे. त्याच जागांवर मे महिन्यात पुन्हा जायचं, त्याच झाडांपाशी, त्याच वहीत दुसऱ्या बाजूला लिहायचं. श्रावणात काय दिसलं, वैशाखात काय दिसलं. डावं पान, उजवं पान. मग कुणीही साहेब कुठल्याही महिन्यात आला तरी वही उघडून दाखवता येईल.

बाकीच्या गावांनीही हेच करायचं आहे. पहिली फेरी पोळ्याच्या आत उरका, नंतर वेल पिवळे पडायला लागतात. प्रत्येक फेरीत निदान चार कंद खोदणाऱ्या बाया, दोन म्हातारी माणसं, एक लिहिणारा पोरगा हवा. वनखात्याला कळवल्याचं पत्र दोन प्रतीत करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. वह्या संघटनेकडून मिळतील, फेरीच्या आधी येऊन घेऊन जा. मोजपट्टी आमच्याकडं एकच आहे, ती पाळीपाळीनं फिरेल. ज्या गावाकडं असेल त्यांनी शेजारच्या गावाला पोचवावी, आणि कुणाकडं आहे ते कळवत राहावं.